ओटीचे नारळ

या, अशा जवळ सरका. टाळांचा नाद अजून कानात घुमतोय, तोवर सांगून टाकते. बुवांनी आज उत्तररंगात राजाची कथा लावली, मी तुम्हाला एका घरमालकिणीची सांगते. हिच्यात राजा नाही आणि देव शेवटपर्यंत कुठल्याच रूपात दाराशी येत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. बेळगावात, टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटापासून आत गेलं की एक दुमजली घर लागतं. वरच्या मजल्यावर कॉलेजच्या मुलींना भाड्याने द्यायच्या खोल्या, बाहेरून वेगळा जिना, आणि खाली प्रमोदिनीबाई एकट्या. मुलगा आशिष पुण्याला. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. एवढीच माणसं. ऐका.

परीक्षा संपून वरच्या खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. दरवर्षी होतात तशाच, पण यंदा नव्या मुलींचा फोन आलेला नव्हता. कॉलेजाच्या मागे मोठमोठे पीजी झालेत, तिथे लिफ्ट आहे, जेवणाचा डबा आहे, दारावर बोट टेकवलं की दार उघडतं. तरी झाडून ठेवू, कुणी आलंच तर, म्हणून प्रमोदिनीबाई कामवाल्या जयाबाईला घेऊन वर गेल्या. जयाबाई स्टुलावर चढली, माळ्यावरची गादी तिने ओढून खाली टाकली, धूळ उडाली आणि तिचा आवाज पत्र्याच्या डब्यातून यावा तसा आला. "काकू, हितं नारळ हैत!" "नारळ? कसले गं?" "न्हाय म्हाईत. लई हैत. आगं बाई, मागंबी हैत की! हे बघा, हळदीकुकू लावल्यालं हाय." आणि तिने हात लांब करून एक नारळ खाली दिला. तो धरायला दुसरं काही नव्हतं म्हणून प्रमोदिनीबाईंनी पदर पुढे केला. मग दुसरा, मग तिसरा. नारळ अगदी हलके होते. आतलं पाणी आटून खोबऱ्याची वाटी सुटली होती, पदरात पडताना प्रत्येक नारळ आतल्या आत खुळखुळ वाजत होता आणि खवट तेलाचा वास येत होता. पदर जड होईना, फुगत मात्र गेला. जयाबाई वरून बघत होती. मध्येच तिचा हात थांबला. पदर पसरून उभी असलेली बाई आणि वरून त्यात टाकले जाणारे नारळ, हे कशासारखं दिसतंय ते तिच्या ध्यानात आलं, आणि तिने जीभ चावली. "राहू द्या काकू, मी पोत्यात भरतो," म्हणाली. प्रमोदिनीबाई म्हणाल्या, "दे सगळे. बघू दे मला."

बघायचं काय होतं? सगळे सारखेच होते. शेंडीजवळ कुंकवाचं बोट उमटलेलं, काहींवर ते काळपट झालेलं, काहींवर नुसता डाग. हे त्यांच्या घरचे ओटीचे नारळ होते. वर राहिलेली प्रत्येक मुलगी शेवटचा पेपर देऊन सामान बांधायला लागली की प्रमोदिनीबाई तिला खाली बोलवायच्या, देवासमोरच्या पाटावर बसवायच्या आणि तिची ओटी भरायच्या. खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी, नारळ. पहिल्यांदा भरली ती खानापूरकडच्या माधवीची. तेव्हा यजमान म्हणाले होते, "अगं, कुमारिकांची ओटी भरतात का कुठे?" त्यावर त्या म्हणाल्या, "सासरी निघालेल्या लेकीची भरतात ना, तशी." त्यांना मुलगी नव्हती. झाली होती, राहिली नव्हती, आणि त्याविषयी घरात कुणी बोलत नसे. ओटी भरली की मुलगी घरची होते, ती कुठेही गेली तरी तिचं एक माहेर इथे राहतं, हे त्यांनी कुठे वाचलेलं नव्हतं, कुणा बुवांकडून ऐकलेलंही नव्हतं. ते त्यांना पाणी वरून खाली वाहतं हे जसं माहीत असतं तसं माहीत होतं. यजमान गेल्यावर स्वतःच्या हाताने ओटी भरणं सुटलं. मग त्या जयाबाईला बोलवायच्या. जयाबाई भरायची आणि या दारापाशी उभ्या राहून मनातल्या मनात प्रत्येक मूठ आपल्या हाताने सोडायच्या. मुली वाकून नमस्कार करायच्या. काहींचे डोळे भरून यायचे. मग त्या जिन्याने वर जायच्या, बॅगा घ्यायला. आणि खाली यायच्या त्या मधल्या थोड्या वेळात, म्हणजे, हे नारळ.

जड झालं असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. बादली, गादी, पुस्तकांची खोकी, त्यात कुठे नारळ न्यायचा. पण एकीला जड होईल, दोघींना होईल. आणि जड झालेली वस्तू माणूस कोपऱ्यात ठेवतं, टेबलावर विसरतं. स्टुलावर चढून गादीमागे लपवत नाही. त्या खाटेवर बसल्या. नुसत्या लोखंडी पट्ट्या पायांना टोचत होत्या. या खाटेवर त्या इतक्या वर्षांत कधी बसल्याच नव्हत्या, हे त्यांना तेव्हा जाणवलं. खिडकीतून समोरच्या घराची बिनखिडकीची भिंत दिसत होती. खालून त्यांना नेहमी वाटायचं, वरच्या खिडकीतून गुलमोहर दिसत असेल. दिसत नव्हता.

आई-बाप मुलीला सोडायला यायचे ते सगळे एकच बोलायचे. निपाणीकडचे एक गृहस्थ, परशराम नाव त्यांचं, धोतराचा सोगा सावरत जिना चढले होते, खोलीभर नजर फिरवून म्हणाले होते, "हॉस्टेलात कोन कुनाचं न्हाय बघा. हितं कसं, घरच्यासारखं." प्रमोदिनीबाई म्हणाल्या होत्या, "घरच्यासारखं काय, घरच आहे तिचं." त्या गृहस्थांनी हात जोडले. त्यांच्या मागे त्यांची मुलगी रचना वेण्यांची टोकं चावत उभी होती. तिला बघून प्रमोदिनीबाईंना वाटलं, ही बारीक आहे, हिला तूप घालायला पाहिजे. शेजारच्यांची समजूत वेगळी. त्यांच्या मते भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुली म्हणजे मोकाट, कुणाचा धाक नाही, वर काय चालतं देव जाणे. प्रमोदिनीबाई त्यांच्याशी भांडल्या होत्या. वर काय चालतं ते मला खालून कळतं, त्या म्हणायच्या. आणि खरंच कळायचं. कुणाची चप्पल कुठल्या पायरीवर घासते, कोण उशिरा उठते, कुणाचा कुकर किती शिट्ट्या देतो. कीर्तनाला बसलेला माणूस जसा तबल्याच्या पहिल्या थापेवरून पुढची चाल ओळखतो तसं त्यांना डोक्यावरचं सगळं घर ओळखू यायचं. रचना तर एकादशीला त्यांच्याबरोबर शहापूरच्या देवळात कीर्तनाला यायची. मध्यंतरात बुक्का लावायला पुढे झालं की ही मागे राहायची, मग त्या तिच्या कपाळाला आपल्या हाताने बुक्का लावायच्या. सगळ्यांत लाडकी तीच.

त्याच आठवड्यात आशिषचा फोन आला. तो पुन्हा तेच बोलला, घर बिल्डरला देऊ, तू पुण्याला ये, गुडघ्यांनी तू किती दिवस जिने चढणार. त्यांनीही पुन्हा तेच सांगितलं. "माझ्या लेकींचं माहेर आहे हे. मी गेले तर त्या येतील कुठे?" "आई, त्या भाडेकरू होत्या." "असं बोलू नये, आशिष." "बरं, लेकी. मग एक तरी आली का परत? एवढ्या वर्षांत? दिवाळीला, कुणाच्या बारशाला?" एरवी त्या म्हणायच्या, संसार असतात, लांब असतात, येतील. आज पायाशी नारळांचं पोतं होतं. जयाबाईने तोंड बांधून ठेवलेलं, तरी कुणी शेजारून गेलं की ते हलकेच वाजायचं. आशिष वाईट मुलगा नाही, त्याने आवाज उतरवला. "असं करू, आई. मी रविवारी येतोय. त्या दिवशी एकीला बोलाव जेवायला. एकच. आली, की मी हा विषय आयुष्यात काढणार नाही. शप्पथ." "येईल," त्या म्हणाल्या. त्यांना वाटलं ते शब्द आपण बोललो नाही, जिन्यावरून कुणीतरी खाली बोललं.

रचनाला सांबऱ्याला, विमानतळाजवळच्या गावात, दिलेली आहे, हे जयाबाईने सांगितलेलं होतं. तिची भाची त्याच गल्लीत. दुसऱ्या दिवशी प्रमोदिनीबाई बसमध्ये बसल्या. कंडक्टरने आधार कार्ड बघून बायकांचं फुकट तिकीट फाडून दिलं, ते त्यांनी मुठीत धरून ठेवलं. खिडकीतून गरम वारा येत होता आणि त्यांच्या मनात एकच हिशेब चालला होता. रचनाचा नारळ त्यांत नसेल. तिने नेला असेल. सगळ्या मुली निघून जाताना एक मुलगी नारळ छातीशी धरून जिना उतरते आहे, असं काहीतरी त्यांना आठवल्यासारखं होत होतं, आणि जितकं आठवायला जावं तितका त्या मुलीचा चेहरा पुसट होत होता, नारळ तेवढा स्पष्ट. आपल्याला माणसं आठवतात की आपण त्यांना दिलेलं आठवतं? हा प्रश्न त्यांना आवडला नाही. त्यांनी मनातल्या मनात अभंगाचं ध्रुपद धरलं. बसच्या खडखडाटात त्याची चाल दोनदा मोडली आणि मग त्यांनी ते सोडून दिलं.

दार रचनानेच उघडलं. अंगाने भरली होती, कडेवर मूल होतं. तिने क्षणभर नुसतं पाहिलं, तोंडावर सौजन्य होतं पण ओळख नव्हती, आणि मग ओळख आली ती घाबरूनच आली. "ओनर काकू! काय झालं? काय राहिलंय का माझं?" "अगं काही नाही, तुला बघायला आले." "मला? या की, या. आत्ती, बघा कोन आलंय." तिच्या सासूबाई, राजाबाई, हात पुसत बाहेर आल्या. "कोन गं?" "मी बेळगावात शिकायला होतो न्हवं, त्या रूमच्या ओनर." "आस्सं व्हय! बसा की बाई, बसा. नाव काय म्हनायचं ह्यांचं?" राजाबाईंनी विचारलं ते सुनेला. रचना हसली, मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं, म्हणाली, "आम्ही ओनर काकूच म्हनत होतो बघा." प्रमोदिनीबाईंनी आपलं नाव सांगितलं. त्याच वेळी विमान इतकं खालून गेलं की पत्रे थरथरले, आणि कुणीच ते पुन्हा विचारलं नाही.

चहा झाला. इकडचं तिकडचं झालं. मग त्यांनी अगदी हसत, गंमत सांगावी तसं विचारलं, "रचना, वर माळ्यावर नारळ सापडले गं. ते काय होतं?" रचनाने तोंडावर हात ठेवला. "आईगं! आजून हैत? आत्ती, ऐका. आमच्या आधीच्या पोरी सांगायच्या, ओटी घेऊन गेलं की त्या घरात परत यावं लागतंय. परत यायचं म्हंजे काय? बॅक राहायची, नापास! मग नारळ माळ्यावर ठेवायचा. ठेवला की सगळे पेपर सुटतात. आम्ही सगळ्या ठेवत होतो." "आनि सुटले?" राजाबाई म्हणाल्या. "माझे सुटले की!" "मग बरं केलासा," असं म्हणून राजाबाई खो खो हसल्या, मूलही हसलं. प्रमोदिनीबाईसुद्धा हसल्या. त्यात वाईट कुठे काय होतं? पोरींचा खेळ. उलट ओटीतली ताकद त्यांनी मानलीच होती. फक्त ती त्यांना नको होती. परत बोलावणारी वस्तू म्हणून त्यांनी नारळ बरोबर ओळखला होता आणि ओळखूनच गादीमागे सारला होता.

"रविवारी जेवायला येशील? आशिष येतोय," त्या म्हणाल्या. आपला आवाज पाटावर बसवलेल्या मुलीसारखा बारीक आला, हे त्यांना ऐकू आलं. "नवऱ्याला, बाळाला, सगळ्यांना घेऊन ये. पुरणपोळी करते." रचना मुलाच्या झबल्याची गाठ सोडून पुन्हा बांधायला लागली. सासूबाई आत गेल्या तशी ती हळू बोलली. "काकू, राग मानू नका हं. तुम्ही लई चांगल्या हैसा. पन मला त्या जिन्याकडं बघवत न्हाई आजून. टिळकवाडीला काय काम निघालं तरी मी तुमच्या गल्लीनं जात न्हाई." "का गं? काही त्रास झाला होता? कुणी काही…" "कुनी न्हाई. कुनीच न्हाई, तेच. अप्पांना वाटायचं घरच्यासारखं हाय, मग त्यांना काय सांगायचं? घरी फोन केला की म्हनायचे, काकू हैत की खाली, मग काय भ्या? पोरींस्नी वाटायचं, हिला काकू कीर्तनाला नेतात, मग हिच्याशी जपून बोलावं. रोज रडायचो मी. तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हनून बाथरूमात नळ सोडून रडायचो."

नळ. प्रमोदिनीबाईंना तो लगेच ऐकू आला. सकाळी पूजेच्या वेळी वरून तो धो धो वाहायचा आणि थांबायचाच नाही. त्यांना वाटायचं रचना केस धुते आहे, लांब केस आहेत, वेळ लागतो. मग त्या फुलं हातात तशीच धरून मागच्या अंगणात यायच्या आणि मान वर करून हाक मारायच्या, नळ बंद कर गं बाळ, टाकीचं पाणी संपतंय. त्या नेहमी 'बाळ' म्हणायच्या. नळ ताबडतोब बंद व्हायचा. किती ऐकणारी पोर, असं म्हणत त्या परत आत येऊन देवाला फूल वाहायच्या. चपलेची पायरी ओळखणारा, कुकरच्या शिट्ट्या ओळखणारा तो कान. त्यांनी आता चहाची बशी खाली ठेवली, ती वाजू नये याकडेच त्यांचं सगळं लक्ष होतं. "सांगायचं नाहीस का मला," त्या म्हणाल्या. रचनाने खरंच विचार केला, मग म्हणाली, "तुम्हाला कसं सांगनार काकू? तुमच्या घरात राहत होतो न्हवं." त्यात राग नव्हता, दोष नव्हता. दोष असता तर धरायला काहीतरी मिळालं असतं.

निघताना राजाबाई कुंकवाचा करंडा घेऊन बाहेर आल्या, बाईंच्या गळ्याकडे पाहिलं, न बोलता आत गेल्या आणि पिशवीभर भुईमुगाच्या शेंगा घेऊन आल्या. "आमच्याच रानातल्या हैत. उकडून खावा." रचनाने मुलाचा हात धरून हलवला, "आज्जीला टाटा कर." मूल आज्जीकडे न बघता वर, विमान गेलं त्या रिकाम्या आकाशाकडे बघून हात हलवत राहिलं.

सीबीटीवर, शहरातल्या मोठ्या बसस्टँडवर, उतरून त्या रिक्षाने थेट शहापूरला, देवळात गेल्या. कीर्तनाची वेळ होत आली होती, एवढंच कारण. नेहमी त्या पुढे, पेटीवाल्याच्या शेजारी बसायच्या. आज चपलांजवळच्या खांबाला टेकल्या. "आक्का, पुढं या की," कुणी म्हणालं. "इथे वारा आहे," त्या म्हणाल्या. तेवढ्यात आशिषचा फोन आला. त्या पदराआड बोलल्या, "रविवारी ये. बिल्डरलाही घेऊन ये." तो म्हणाला, "आई, कुणी नाही म्हणालं का? मी तसं म्हणून नव्हतो बोललो. जाऊ दे ते, तू वाईट नको वाटून घेऊ." "वाईट कशाचं? घर रिकामंच आहे," त्या म्हणाल्या, आणि ते रिकामं कधीपासून आहे हे त्याने विचारू नये म्हणून फोन ठेवून दिला. बुवा उभे राहिले. पूर्वरंग संपला, मध्यंतरात बुक्का लावत एक पोरसवदा टाळकरी फिरत आला, त्यांच्या कपाळालाही बोट टेकवून गेला. आणि बुवा म्हणाले, माय हो, डोळे मिटा. ज्याच्या मनात तुम्ही आहात असा एक जण आठवा, त्याचा चेहरा समोर आणा, मग आपण नाम घेऊ. सगळ्या देवळाने डोळे मिटले. प्रमोदिनीबाईंनीही मिटले. चेहरे येत होते, भराभर येत होते. माधवी, रचना, केतकी, दिपाली, प्रत्येकीचं पोट कशाने दुखायचं आणि कुठली भाजी तिला आवडायची ते त्यांना पाठ होतं. पण हे सगळे त्यांच्या मनातले चेहरे होते. बुवांनी मागितला होता तो उलट बाजूचा. त्या तो शोधत राहिल्या. नाम सुरू झालं, संपलं, टाळ वाजले, लोकांनी डोळे उघडले, कथा पुढे गेली. त्या डोळे मिटूनच होत्या. शेजारचीला वाटलं, बाईंची समाधी लागली.

घर आता पाडलंय. तिथे मोठा पीजी होतोय म्हणतात. त्या पुण्याला आहेत, तिथे त्यांना कीर्तन जवळ नाही. माझं मागणं फार नाही. तुम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर राहिला नाहीत, त्यांचं तुमच्यावर काही ऋण नाही, परत जायला ते घरही उरलं नाही, म्हणूनच तुम्हाला सांगते. पुढच्या वेळी बुवांनी डोळे मिटायला सांगितले की क्षणभर त्यांना आठवा. नाव प्रमोदिनी.